मिशी कोणाची?

सध्या माझ्या वरच्या ओठावर नुसते खुंट आहेत. गेल्या महिन्यात वडील गेले आणि दहाव्या दिवशी नदीवर न्हाव्यापुढे बसून मी मिशी उतरवली. घरी येऊन सहज आरशात पाहिलं, तर समोर माझे आजोबा. तोच लांब ओठ, आणि नाकाखालची पन्हळ तशीच जरा डावीकडे कललेली. घरात कोणाला हे सांगून उपयोग नव्हता, कारण आबाजींचा उघडा ओठ पाहिलेलं माणूस आता घरात मीच एक उरलो आहे. चाळीस वर्षं झाकलेला तो ओठ म्हातारपणी एक उन्हाळा-पावसाळा सगळ्या अकोटानं पाहिला, आणि त्याला कारण मी, म्हणजे माझा हिशेब. तेवढी एकच गोष्ट इथे लिहायची आहे. माझा थोरला मुलगा अमरावतीला नोकरीला असतो. तो रोज सकाळी दाढीबरोबर मिशीही साफ करतो, आणि मी जिवंत आहे. याबद्दल माझी तक्रार नाही, फक्त नोंद करून ठेवतो.

आमचा मळा अकोट गावाला लागूनच होता. वांगी, मिरच्या, केळी, थोडा सांभार म्हणजे कोथिंबीर, आणि बांधाबांधानं झेंडू. पहाटे मोटेचं चाक कुरकुरायला लागलं की आमचा दिवस उजाडे. माय तिकडे भाकरी थापत असे, आणि तिच्या हाताचा थपथप आवाज व मोटेचं पाणी थारोळ्यात पडण्याचा आवाज मिळून जे काही होई, ते मला आजही झोपेत ऐकू येतं. तव्यावर मिरच्या भाजायला टाकल्या की सगळं घर खोकायचं, आणि आबाजी खोकत खोकत म्हणायचे, "सूनबाई, आज ठेचा जमला." घरात माणसं पाच. आबाजी, माझे वडील म्हणजे दादा, माय, मी आणि धाकटी बहीण. पैकी वाचता येणारा मी एकटा. ही गोष्ट पुढे फार महागात पडली, म्हणून आत्ताच सांगून टाकतो.

दर बुधवारी नारायण वारीक यायचा. आमच्याकडे न्हाव्याला वारीक म्हणतात. निंबाखाली धोकटी उघडून तो वस्तरा चामड्यावर घासू लागला की आळीतले पुरुष एकेक करून येऊन बसत. नारायणाजवळ मिशीच्या प्रत्येक तऱ्हेला नाव होतं. झुपकेदार, आकडेबाज, तलवारकट, कोरीव ही तर सगळ्यांनाच ठाऊक असलेली नावं. पण त्याची खरी नावं शेतातून आलेली असत. सोळा-सतरा वर्षांच्या पोरांच्या ओठावरची लव म्हणजे मक्याच्या कणसाचे केस. तीन दिवसांची न केलेली दाढी म्हणजे जवारीचं धसकट. आमच्या गावच्या मास्तरांची दाढी म्हणजे विरळ उगवलेली पऱ्हाटी, म्हणजे कपाशी. "मास्तर, मधात मधात डोबून द्या ना जी बी," म्हणजे रिकाम्या जागी हातानं बी टोचा, असं तो त्यांच्या तोंडावर म्हणे, आणि मास्तरही हसत. आबाजींच्या मिशीला तो सावरीचा कापूस म्हणायचा. त्यांच्या गलमिशा होत्या. कानापासून निघालेले पांढरे कल्ले गालावरून येऊन मिशीत मिसळत, आणि हनुवटी तेवढी गुळगुळीत. ऊन पडलं की तो कापूस आतून पेटल्यासारखा दिसे.

मला लहानपणापासून मोजायची खोड. एका सुट्टीत मी आळीतल्या सगळ्या मिशा मोजून वहीत लिहिल्या. पुरुष एकतीस, मिशा सत्तावीस. झुपकेदार नऊ, तलवारकट सहा, आकडेबाज पाच, कोरीव चार, गलमिशा एक आणि दोन अशा, की त्यांना नारायणाजवळही नाव नव्हतं. उरलेल्या चौघांपैकी तिघांचे वडील नुकतेच वारले होते आणि चौथ्याला मिशी येतच नव्हती. हा हिशेब एका दृष्टीनं पक्का होता. आमच्यात बाप जिवंत असेपर्यंत मिशीला वस्तरा लागत नसे. कातरावी, पिळावी, तेल लावावं; पण उतरवायची ती बापाच्या दहाव्यालाच. त्यामुळे कोणाचा उघडा ओठ दिसला की दुसरा काही विचार मनात येत नसे.

शिकायला मी अमरावतीला कौतिकाआत्याकडे राहत होतो. ती दादांची बहीण. देवीच्या देवळापाशी तिचं फुलांचं दुकान होतं, आणि घराची वरची खोली तिनं कॉलेजातल्या एका विद्यार्थ्याला दिली होती. तो वकिलाचा मुलगा. एक दिवस तो मिशी काढून जिना उतरला. आत्याच्या हातातली परडी खाली पडली.

"बापा, कई गेले रे तुहे वडील?"

"माझे वडील? कुठे गेले?" तो घाबरला. "काही तार आली का?"

"मले काय इचारतो? हे तोंड कोनासाठी करून आला मंग?"

"अहो आत्याबाई, हल्ली अशीच पद्धत आहे."

"जितेपनी बापाले पोचवाची पद्धत!" आत्या म्हणाली, आणि त्या दिवसापासून तिनं त्याचं नाव सफाचट ठेवलं. त्याचं खरं नाव मी विसरलो आहे. या सफाचटालाही पुढे काम आहे.

आता पैज. परीक्षेला दीड महिना उरला असताना मळ्यात रोडग्याचं जेवण होतं. मी त्यासाठी दोन दिवस घरी आलो होतो. गोवऱ्यांच्या आरात कणकेचे गोळे खरपूस भाजून, फोडून, त्यावर तूप, आणि बरोबर वांग्याची भाजी आणि वरण. पंगतीत त्रेसष्ट पानं होती; पत्रावळी मीच मोजल्या होत्या. दादांच्या शेजारी पुंडलिककाका बसले होते. नाल्यापलीकडचा मळा त्यांचा. हंगामाचं पहिलं वांगं बाजारात कोणाचं जातं, यावर दादांची आणि त्यांची जन्माची चढाओढ. दादांची मिशी झुपकेदार, जवसाच्या तेलानं चकचकीत. काकांची आकडेबाज, दोन्ही टोकं विंचवाच्या नांगीसारखी वर. काही बोलायच्या आधी ते डाव्या आकड्याला एक पीळ द्यायचे. त्या दिवशी त्यांनी दोन दिले.

"का गनपत, तुहं पोट्टं अमरावतीले काय करून राहिलं म्हन्ते?"

"म्याट्रिक."

"म्याट्रिक! अन् मंग काय, वांग्याले इंग्रजीत पानी देईन?"

पंगत हसली. मी मान खाली घालून रोडगा फोडत होतो. काकांना हसू मिळालं की ते थांबत नसत.

"माहा पोरगा चौथीतून घरी आला, तुहा म्याट्रिकातून येईन. येऊन मोटच हाकलीन ना? फरक एवढाच, का तुहा चष्मा लावून हाकलीन."

दादा हातातला घास खाली ठेवून उठले. उष्टा हात तसाच धरून त्यांनी डाव्या हातानं मिशीला ताव दिला आणि सगळ्या पंगतीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पुंडलिक, हा पोरगा पास नाई झाला, त तुह्या आंगनात बसून हे मिशी उतरवीन. नारायनाच्या हातानं!"

"अन् झाला त मी माही उतरवतो! तुह्या आंगनात!"

एरवी अशा बोलण्यावर पंगत उसळली असती. पण या वेळी सगळी डोकी पंगतीच्या टोकाकडे वळली. वाढणाऱ्या मायचा पळीचा हात वरणाच्या भांड्यातच थांबला. पुंडलिककाकांचे वडील केव्हाच गेलेले. त्यांना मिशी पैजेवर लावायला काहीच अडचण नव्हती. पण दादांचे वडील दहा हातांवर पंगतीच्या टोकाला बसून जेवत होते. दादांनी मिशी उतरवणं म्हणजे जित्या बापाला गावासमोर पोचवणं. आणि न उतरवणं म्हणजे पंगतीत दिलेला शब्द गिळणं. दोन्ही बाजूंनी दादा अडकले, आणि अडकले ते माझ्या परीक्षेत.

आबाजींनी हातातला रोडगा पानावर ठेवला. "गनपत," ते म्हणाले, "ते मिशी तुही नाई." मग पळीकडे पाहून म्हणाले, "वरन वाढा." या बोलण्याचा अर्थ तेव्हा कोणाला कळला नाही. म्हातारा काहीतरी पुटपुटला, असं समजून पंगत पुढे सुरू झाली.

दीड महिना मी जसं वाचलं तसं जन्मात कधी वाचलं नाही. आत्या पहाटे हार गुंफायला बसे, तिच्याच दिव्याच्या उजेडात मी भूमितीचे सिद्धांत पाठ करी. मधेच ती विचारी, "झालं का रे सारं?" आणि मी सांगे, इतकी पानं झाली, इतकी उरली. परीक्षा झाली. प्रत्येक पेपर देऊन आल्यावर मी प्रश्नपत्रिकेच्या पाठीवर गुण मांडत असे. माझा नियम कडक होता. ज्या उत्तराबद्दल जराही शंका, त्याला शून्य. अर्धं बरोबर असेल तरी शून्य. असा हिशेब केल्यावर माझे गुण शेकडा अडतीस आले, म्हणजे तिसरा वर्ग. आणि इंग्रजीत पासापुरते गुण होऊन वर फक्त दोन उरले. सफाचटानं हिशेब पाहून डोक्याला हात लावला. "अरे, इतकं वाईट कोणी स्वतःला तपासतं का?" मी त्याला म्हणालो, फुगवून मांडलेल्या हिशेबापेक्षा हा बरा. मनात मात्र एकच येत होतं. दादांची मिशी दोन गुणांवर टांगलेली आहे.

निकालापर्यंतचे ते दिवस! अकोटचं ऊन, मळ्यातल्या मिरच्या लाल होऊन वाळलेल्या, आणि दादा दिवसातून दहादा मिशीला हात लावणार. ते हात लावत आणि मी उठून मिरच्या वेचायला जाई. नाल्यापलीकडून काका ओरडत, "गनपत, तेल गिल लावून घे रे, आता थोडेच दिवस हायत!" दादा उलट ओरडत, "तुह्याच मिशीले लाव, उतरवतानी वस्तरा मऊ चालीन!" आळीतली पोरं रोज मला विचारत, कधी लागणार? नारायण वस्तऱ्याला धार लावताना माझ्याकडे पाही आणि नुसती मान हलवी.

निकाल वर्तमानपत्रात यायचा. अकोल्याहून दुपारी मोटार येई, तिच्यातून वाचनालयाचा अंक. त्या दिवशी मोटार येण्याच्या तासभर आधीपासून आम्ही स्टँडवर उभे. परीक्षेला बसलेले आम्ही नऊजण, आणि बघे चाळीस-पन्नास. धुळीचा लोट दिसला तसे सगळे धावलो. ड्रायव्हरनं अंकाचं भेंडोळं वर फेकलं, ते माझ्या हातात पडलं, आणि मागून आठ डोकी माझ्या खांद्यावर. यादी इंग्रजीत, बारीक आकडे, तीन भाग. पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग. माझा नंबर बाराशे सदतीस, आणि तो तिथे माझ्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हता. मी थेट तिसऱ्या वर्गावर बोट ठेवलं. बाराशे एकतीस. बाराशे चौतीस. बाराशे चाळीस. मी तीनदा पाहिलं. हिशेबाचा माणूस, म्हणून तीनदा; आणि तिन्ही वेळा त्याच रकान्यात. तेवढ्यात कोणीतरी अंक ओढून घेतला.

स्टँडपासून मळ्यापर्यंत मी कसा आलो ते आठवत नाही. दादा मोट हाकत होते. मला पाहून त्यांनी बैल थांबवले.

"दादा, नाई आला नंबर."

दादांनी दोर सोडला नाही. "किती गुन कमी पडले?"

"दोन," मी म्हणालो. हे मला कसं कळलं? कळलं नव्हतं. पण पेपर दिल्यापासून दोन हाच आकडा डोक्यात घुमत होता, म्हणून मी खात्रीनं सांगितलं.

"बरं. तू जेवून घे. अन् नारायनाले सांग, सकाळी पुंडलिकाच्या घरी ये म्हना."

मायनं भाकरीचं पीठ तसंच परातीत ठेवलं. "बाबा बसले हायत आंगनात जितेजागते. अन् तुमी वस्तरा लावता? लोक काय म्हंतीन?"

"नाई लावला त काय म्हंतीन?" दादा म्हणाले. मायनं परात पुढे ओढली आणि पीठ मळायला घेतलं. आबाजी अंगणात झेंडूचं बी निवडत बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि बी निवडत राहिले.

सकाळी पुंडलिककाकांच्या अंगणात मुंगीला जागा नव्हती. काका स्वतः दाराशी उभे होते, आणि मी प्रथमच त्यांना मिशीला हात न लावता बोलताना पाहिलं.

"गनपत, जाऊ दे ना बाप्पा. जेवताना म्हटलेलं होतं. आपून काय लहान पोट्टे हाओ?"

"पंगतीत बोललो मी. नारायना, ये."

नारायण धोकटी पोटाशी धरून उभा. "मी नाई लावत वस्तरा. बुढा जिता हाय. माह्या हातानं हे पाप नाई व्हाचं."

"मंग दे वस्तरा, मीच उतरवतो," असं म्हणून दादा पाटावर बसले. अंगणातल्या बायकांत कोणीतरी हुंदका दिला. मी भिंतीला टेकून उभा होतो, आणि मला वाटत होतं की त्या दोन गुणांसाठी मी कोणाच्याही पाया पडायला तयार आहे.

इतक्यात मागून काठीचा आवाज आला आणि गर्दी दुभंगली. आबाजी. त्यांनी दादांचं मनगट धरलं.

"ऊठ."

"बाबा, मी शब्द देला हाय."

"काहाचा शब्द? मी म्हटलं होतं ना तुले पंगतीत, ते मिशी तुही नाई? बाप जिता हाय तोवर पोराच्या तोंडावरची मिशी बापाची. हे समद्या गावाले मालूम हाय, म्हनून त नारायन वस्तरा लावत नाई. माही वस्तू तू मले न इचारता पैजेवर लावली. आता लावलीच हाय, त देईन बी मीच. ऊठ!"

दादा उठले. साठीकडे झुकलेला त्यांचा तो भारी देह लहान पोरासारखा बाजूला झाला. आबाजी पाटावर बसले, काठी आडवी ठेवली, आणि तोंड वर केलं.

"नारायना, माहा बाप मरून चाळीस वर्सं झाले. माह्या मिशीले वस्तरा लावाले तुले पाप नाई. कल्ल्यासकट घे. अर्धं द्याची सवय नाई आपल्याले."

नारायणानं पंच्यानं डोळे पुसले आणि वाटी उचलली. निम्मं पाणी आबाजींच्या छातीवर सांडलं. "रडू नको लेका, कापशीन मले," आबाजी म्हणाले, आणि अंगणातलं कोणीतरी हसलं. मग वस्तऱ्याचा खर्र आवाज आला. सावरीचा कापूस भिजून पंच्यावर पडू लागला. पुंडलिककाका जमिनीकडे पाहत होते. दादांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं. मी मात्र पाहत राहिलो, कारण त्या कापसाखालून एक नवाच माणूस बाहेर येत होता. गालाचा तो पट्टा फिकट, चाळीस वर्षं ऊन न पाहिलेला. ओठ लांब. पन्हळ डावीकडे कललेली. मी नकळत माझ्या ओठावर बोट ठेवलं.

"झाली ना पैज?" आबाजी उठत म्हणाले. "चाल गनपत, भूक लागली. सूनबाई, आज भरीत कर, ओठ उघडे हायत, चव पाहू कशी लागते."

खरं सांगतो, त्या दिवशी घरात शोक होऊ शकला नाही. आबाजी दर घासाला ओठ चाटत आणि नवल करत. "कई नाई लागलं असं भरीत! मिशीच अर्धं खाऊन राहिली होती इतके दिवस!" माय डोळे पुसत हसत होती. मी जेवलो नाही.

दुपारची मोटार आली आणि थोड्या वेळानं आमच्या फाटकाशी बैलांची दमणी थांबली. तिच्यातून कौतिकाआत्या उतरली, उतरली कसली, उडी मारली. एका हातात पेढ्यांची टोपली, दुसऱ्या हातात कागदात गुंडाळलेला मोगऱ्याचा हार. फाटकापासूनच तिचं सुरू झालं.

"कुठी हाय तो? कुठी हाय माहा म्याट्रिकवाला? दुसऱ्या वर्गात आला वं माय, दुसऱ्या! आमच्या गल्लीत कोनी नाई आलं!" आणि बोलता बोलता तिची नजर अंगणात बसलेल्या आबाजींवर गेली. हातातली पेढ्यांची टोपली तिनं खाली ठेवली. "बाबा! हे काय? कोन गेलं?"

मी धावत जाऊन हारावरचा कागद ओढला. मोगरा अंगणभर झाला. तो वर्तमानपत्राचाच कागद होता. सफाचटानं तांबड्या पेन्सिलीनं वर्तुळ काढलं होतं. दुसऱ्या वर्गात, वरून चौथ्या ओळीत, बाराशे सदतीस.

"तुनं काल पायलं नाई?" दादांनी विचारलं.

"पाहिलं. तिसऱ्या वर्गात पाहिलं. तीनदा."

"अन् दुसऱ्यात?"

"माझ्या हिशेबात..." एवढंच मला बोलता आलं. शंका आली त्या प्रत्येक उत्तराला मी शून्य दिलं होतं, आणि तपासणाऱ्यानं बहुतेकांना गुण दिले होते. दुसऱ्या वर्गाकडे पाहणं मला गैरवाजवी वाटलं होतं. जे आपलं नाही तिथं कशाला पाहायचं?

दादा माझ्या अंगावर येणार, असं वाटलं. पण पहिला आवाज आला तो आबाजींचा. ते हसत होते. आधी खांदे हलले, मग पोट, मग तो उघडा लांब ओठ असा काही थरथरू लागला, की आत्याही हसली, मायही, आणि शेवटी दादाही. "मुंडवलं लेका तुह्या हिशेबानं मले! दुसऱ्या वर्गात पास झाला, अन् आजा बोडका केला!" त्यांनी मला जवळ ओढून पेढा तोंडात कोंबला. बातमी नाल्यापलीकडे जायला किती वेळ लागणार? आळीत डफडं वाजायला लागलं. पोरं माझ्याभोवती नाचू लागली. आणि त्या गोंधळातून पुंडलिककाका आले, डोक्यावरचं पागोटं हातात, मागे नारायण. कोणी बोलावलं नव्हतं. ते आमच्या अंगणात मधोमध पाट टाकून बसले.

"नारायना, चालव."

डफडं थांबलं.

"थांब," आबाजी म्हणाले. "एका दिवसात एका गावात दोन बोडके ओठ झाले, त लोक म्हंतीन साथ आली. पुंडलिक, तुही मिशी राहू दे. पन एक आयक. माही मिशी पयल्यासारकी होईपर्यंत तू तुह्या मिशीले पीळ द्याचा नाई. खाली पडली त पडू द्याची. बोल."

काकांनी हातातलं पागोटं डोक्यावर ठेवलं, काढलं, पुन्हा ठेवलं. पाटावर बसून मिशी देणं त्यांना यापेक्षा सोपं गेलं असतं, असं मला आजही वाटतं. "बरं," ते म्हणाले.

पुढचे तीन महिने मी ती मिशी मोजली. दर बुधवारी, नारायणासमोर, शाळेतली फूटपट्टी आबाजींच्या ओठाला लावून, सुतासुतानं; इंचाला आठ सूत. हा हिशेब मी आधी कच्चा, मग पक्का करी, आणि या वेळी एकही केस सोडत नसे. काकांची मिशी पावसात भिजलेल्या कोंबड्याच्या शेपटासारखी खाली लोंबत असे. बोलण्याआधी त्यांचा हात वर जाई आणि वाटेतच थांबे. ते बाजारातही कमी बोलू लागले होते. नाल्यावर मी दिसलो की हळूच विचारत, "किती झाली रे मनोहर?"

"दोन सूत, काका."

"बस, दोनच? मागच्या बुधवारी बी दोनच होती ना?"

"मागच्या बुधवारी एक सूत होती. मी लिहून ठेवलं आहे."

"लिहिलं असशीन," काका म्हणत, "पन बाकीचे रकाने बी पाहून घे एकडाव." आणि खाली पडलेल्या मिशीतून हसत. मग म्हणत, "बुढ्याले दूध देत जाय. मी पाठवतो." आणि खरंच त्यांच्या घरून रोज तांब्याभर दूध येऊ लागलं.

पोळ्याच्या दिवशी बैलांची शिंगं रंगवून झाली, झुली घातल्या, आणि आबाजींनी मला पट्टी आणायला सांगितली. मी मोजलं. बारा सूत. त्यांनी कल्ल्यांवरून हात फिरवला, नाल्याकडे तोंड केलं आणि जेवढा आवाज होता तेवढा लावून ओरडले, "पुंडलिक! दे पीळ!"

काका बैल सोडून बांधावर आले. दोन्ही हातांनी दोन्ही आकडे एकदम वर चढले. सगळी आळी ओरडली. तोरणाखालचे बैल बुजून उधळले, आणि ते धरायला दादा आणि काका एकाच दोराला लागून धावले.

त्यानंतर आबाजी चार वर्षं होते. गेले तेव्हा सावरीचा कापूस पुन्हा होता तसा होता. दहाव्याला नदीवर दादा नारायणापुढे बसले आणि त्यांची मिशी उतरली, जशी उतरायला हवी होती तशी, ज्याची होती त्याच्यासाठी. दादा उठले. पाट रिकामा झाला आणि नारायण वस्तरा धुऊ लागला. तेवढ्यात पुंडलिककाका पुढे आले आणि त्या पाटावर बसले. त्यांचं आमचं काही नातं नव्हतं. त्यांचे स्वतःचे वडील केव्हाच गेलेले. नारायणानं दादांकडे पाहिलं. दादांनी पाण्याची वाटी उचलून त्याच्या हातात दिली. काकांनी डाव्या आकड्याला शेवटचा एक पीळ दिला आणि तोंड वर केलं.